घरपट्टी ठरते टेपवर

घर मोजायला दोन माणसं लागतात. टेपचं एक टोक आपल्या हातात आणि दुसरं कुणाच्या तरी. नगरपरिषदेकडे द्यायला दुसरा माणूस नसतो, म्हणून ते टोक घरातल्याच कुणाकडे जातं. शाळेतून आलेला मुलगा, सून, कधी खुद्द मालक. मालकाने टोक धरलं की ते भिंतीला टेकत नाही, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. हात भिंतीच्या वीतभर अलीकडे थांबतो. लांबीत एक वीत, रुंदीत एक वीत, म्हणता म्हणता एका खोलीमागे एक-सव्वा चौरस मीटर गळतो. त्यावर वाद घालायचा नसतो. टेप गुंडाळायची, मालकाच्या हातात रीळ द्यायचं आणि आपण टोक घेऊन कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं.

मी एका 'क' वर्ग, म्हणजे लहान गावाच्या, नगरपरिषदेत आठ वर्षं हे काम केलं. कागदावर पदाचं नाव लांबलचक आहे, पण गावात आम्ही 'घरपट्टीवाले', आणि मी 'घरपट्टीच्या मॅडम'. आता माझं खातं बदललं आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या एका गावापुरतं नाही.

घरपट्टीवर आपल्याकडे वाद होतो तो दराचा. वाढली की मोर्चा, निवडणूक आली की माफीची घोषणा. मोजणी नीट झाली नाही म्हणून निघालेला मोर्चा मी आजवर पाहिला नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की घरपट्टीतला अन्याय दरात थोडा आणि मोजणीत फार असतो. ही मोजणी आपण सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली आहे, आणि त्याला ती धड करू देत नाही.

हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक घरमालकाला यायला हवा. राज्यातल्या नगरपरिषदा 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली घरपट्टी आकारतात. हे घर वर्षभर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल, हा पाया. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. उरलं ते करयोग्य मूल्य आणि त्यावर ठरलेल्या टक्क्याने कर. समजा, 50 चौरस मीटरचं स्लॅबचं घर आहे आणि त्या झोनमध्ये भाड्याचा दर महिन्याला चौरस मीटरमागे 10 रुपये धरला आहे. वर्षाचं भाडं 6,000, वजावट जाऊन 5,400. त्यावर 25 टक्के कर धरला तर 1,350 रुपये. आता नगरपरिषदेने ठराव करून भाड्याचे दर 5 टक्क्यांनी वाढवले तर या घरावर वर्षाला साडेसदुसष्ट रुपये वाढतात. या साडेसदुसष्ट रुपयांवरून सभागृहात घसा कोरडा होईपर्यंत भांडणं होतात. याच घरावर तेवढाच वरचा मजला चढला आणि तो कुणी नोंदवलाच नाही, तर दर वर्षी 1,350 रुपये बुडतात. खाली दुकान निघालं आणि नोंदीत 'निवासी' तसंच राहिलं तर त्याहून जास्त, कारण दुकानाचा दर घराच्या कितीतरी वर असतो. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. यादी कपाटात असते, मग ते दिसणार कुणाला?

छोट्या गावांसाठी हा पैसा किती मोलाचा आहे, तेही सांगते. 1999 मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांची जकात गेली. महापालिकांची नंतर टप्प्याटप्प्याने गेली, मुंबईची 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर. जकात गेल्यावर नगरपरिषदेला स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न घरपट्टीचंच उरलं. बाकी सगळं अनुदान, म्हणजे मुंबईकडे आणि दिल्लीकडे डोळे लावून बसणं. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांच्या अनुदानालाच अट घातली की राज्याने घरपट्टीचे किमान दर अधिसूचित करावेत आणि पुढे वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (सरकारच्या नव्हे, सगळ्या राज्याच्या) वाढीबरोबर वाढती राहावी. गटार तुंबलं, दिवा गेला, कचऱ्याची गाडी आली नाही, की लोक नगरपरिषदेला बोल लावतात, ते बरोबरच आहे. पण नगरपरिषदेच्या पेटीत काय पडणार हे त्या टेपवर ठरतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

एका आळीत एक तीन मजली इमारत होती. मी गेले तेव्हा मालक खाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. म्हणाले, "मॅडम, जुनीच नोंद आहे, काही बदल नाही. उन्हातान्हाचं कशाला वर चढता?" माझ्याकडे त्या दिवशी तीस घरांची यादी होती, दुपारचे दोन वाजले होते, आणि मी मागच्या आकारणीची नोंद पुढच्या रकान्यात उतरवली. तळमजला, पत्र्याचं छत, निवासी.

आठवड्याने त्याच आळीत समोरच्या बाजूला काम निघालं. एका आजींचं मातीच्या भिंतींचं दोन खोल्यांचं घर. आजी म्हणाल्या, "ये गं पोरी, आत ये. चुलीपर्यंत मोज. इथं काय दडवायचंय?" त्यांनी टेपचं टोक दोन्ही हातांनी भिंतीला असं दाबून धरलं की जणू भिंत पडेल. ओसरी, माजघर, मागची न्हाणी, सगळं मोजून झालं आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं तर इंचाचाही फरक नव्हता. न्हाणीसुद्धा नोंदीत होती. मातीच्या घराचा दर कमी, म्हणून रक्कम लहान. पण जे होतं ते सगळं भरत होत्या.

ओसरीवर बसून मी फील्ड बुक लिहीत होते आणि सहज वर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत होते. पहिल्या मजल्याच्या खिडकीत एका क्लासची पाटी होती. खाली दोन शटर होती, एक खताच्या गोदामाचं. हे सगळं आठवड्यापूर्वीही तिथेच होतं. मी तेव्हा खुर्चीवर बसले होते, एवढाच फरक.

आजींनी माझ्याकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मी ते पान खोडलं, रस्ता ओलांडला आणि वर चढले. त्यानंतर उरलेल्या वर्षांत जिना चढल्याशिवाय मी एकही नोंद केली नाही, पण त्या तीन मजल्यांची नोंद दोन आकारण्यांमधून तशीच सरकत आली होती. म्हणजे माझ्याआधी दोन माणसं त्याच खुर्चीवर बसून गेली होती. त्या दोघांना मी बेइमान म्हणणार नाही. त्यांच्याकडेही तीस घरांचीच यादी असणार.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. तो म्हणतो की आकारणीची यादी दर वर्षी नव्याने करायची गरज नाही, पण चार वर्षांतून एकदा तरी पूर्ण नवी यादी झाली पाहिजे. यादी झाली की प्राधिकृत मूल्य निर्धारण अधिकाऱ्याने ती तपासायची. मग जाहीर नोटीस द्यायची की यादी तयार आहे, अमुक ठिकाणी पाहायला मिळेल, हरकत असेल तर अमुक मुदतीत द्या. मग सुनावणी, मग यादी कायम. कायद्याच्या नजरेत ही यादी गुपित नाहीच. घरोघरची नोंद गावासमोर यावी आणि गावाने तिला बोट लावावं, अशी ती रचना आहे.

प्रत्यक्षात काय होतं? नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. यादी कार्यालयात एका टेबलावर असते. घरोघर येते ती फक्त स्वतःच्या घराची नोटीस. त्यामुळे सुनावणीला सगळे एकच हरकत घेऊन येतात: माझी वाढली. शेजाऱ्याची का नाही वाढली, हे विचारायला त्यांच्या हातात कागदच नसतो. आणि सुनावणीला येतात तरी कोण? वकील घेऊन मोठ्या मालमत्तांचे मालक येतात. ज्याचा एक दिवसाचा रोज बुडतो तो येत नाही. मी अशा सुनावण्यांमध्ये टेबलाच्या कडेला फाइली घेऊन उभी राहिले आहे. कमी झालेल्या आकारण्या कुणाच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता मोजणाऱ्याचं वर्ष कसं जातं ते बघा. एप्रिल-मेमध्ये बिलं वाटायची. पावसात मोजणी होत नाही, शिवाय मतदार यादीचं काम येतं, कुठलं ना कुठलं सर्वेक्षण येतं. दिवाळीनंतर चार आठवडे टेप हातात येते. जानेवारी उजाडला की ती पुन्हा कपाटात जाते, कारण वसुली सुरू होते. मग फेब्रुवारी-मार्च आम्ही पथकात. रिक्षावर भोंगा, हातात थकबाकीदारांची यादी. नळ तोडायचा, शटरला सील लावायचं. काही शहरांत थकबाकीदाराच्या दारात बँड आणि ढोलही वाजवले गेले. ज्या घरात नोव्हेंबरमध्ये मी "ताई, जरा टेप धरता का" म्हणत गेले, त्याच घराचा नळ फेब्रुवारीत मी तोडला. पुढच्या नोव्हेंबरला त्या घरात मला कोण आत घेईल?

यापेक्षा खोल एक गोष्ट आहे आणि ती खात्याबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. आमचं काम जोखलं जातं वसुलीच्या टक्क्यावर. वसूल भागिले मागणी. समजा, गावाची मागणी 1 कोटी आहे आणि 85 लाख वसूल झाले. टक्का 85, साहेब खूश. आता मी जिने चढून, गोदामं आणि क्लास शोधून 20 लाखांची नवी आकारणी बसवली. नवी आकारणी म्हणजे हरकती, अपील, नाराजी. पहिल्या वर्षी त्यातले निम्मेच आले असं धरू. वसूल 95 लाख, मागणी 1 कोटी 20 लाख. टक्का 79 वर घसरला. गावाच्या तिजोरीत 10 लाख जास्त आले आणि आमच्या विभागाला कारणे दाखवा नोटीस आली. हे मी समजा म्हणून लिहिलं आहे, पण या गणिताची भीती प्रत्येक कर विभागात बसलेली असते. "मॅडम, फार उकरू नका, मार्चमध्ये आपल्यालाच निस्तरायचंय," हे वाक्य मला माझ्यावर माया असलेल्या वरिष्ठांनी सांगितलं आहे. ते भ्रष्ट नव्हते. ते टक्क्याला बांधलेले होते.

म्हणून माझं पहिलं मागणं असं की मोजणारा आणि वसूल करणारा वेगळा हवा. मोजणाऱ्याला वसुलीच्या पथकात घालू नये आणि त्याचं काम वसुलीच्या टक्क्यावर जोखू नये. या वर्षी किती मालमत्ता प्रत्यक्ष पाहिल्या, त्यातल्या कितींची फेरतपासणी दुसऱ्याने करून नोंद बरोबर निघाली, हा त्याचा हिशेब असावा. माणसं कमी आहेत हे मला माहीत आहे, मीच त्या कमी माणसांत होते. पण दोन कामं एकाच माणसाच्या गळ्यात बांधल्याने माणूस वाचत नाही, त्यातलं एक काम मरतं. आणि मरतं ते नेहमी मोजणीचंच, कारण वसुलीला 31 मार्च असतो आणि मोजणीला कुठलीच तारीख नसते.

इथे कुणी म्हणेल, आता टेपचा जमाना गेला, ड्रोन आले. अनेक नगरपरिषदांनी खासगी एजन्सीला सर्वेक्षण दिलं, उपग्रहाची चित्रं आली, प्रत्येक इमारतीला नकाशावर क्रमांक मिळाला. मी त्याच्या विरोधात नाही. 2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालात बंगळुरू आणि जयपूर या शहरांचा उपग्रहाच्या मदतीने अंदाज केला होता आणि ती शहरं घरपट्टीच्या क्षमतेच्या 5 ते 20 टक्क्यांपेक्षा जास्त गोळा करत नाहीत असं त्यातून निघालं होतं. नोंदीतून पूर्ण सुटलेली इमारत शोधायला आकाशातून बघण्यासारखं साधन नाही. पण ड्रोनला छप्पर दिसतं. छपराखाली स्वयंपाक होतो की खताच्या गोण्या आहेत, ते त्याला दिसत नाही. वरच्या मजल्यावर मालकाची लेक बाळंतपणाला आली आहे की भाडेकरू राहतो, तेही नाही. माती आणि विटा यांतला फरक गिलाव्याखाली लपतो. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत 40 टक्के सवलत आहे, 1970 पासूनची. मध्ये ती काढली गेली आणि 2023 मध्ये परत आली, तेव्हा लोकांना पीटी-3 अर्ज भरून आपण तिथे स्वतः राहतो हे दाखवावं लागलं. मालक तिथे राहतो की नाही, हे शेवटी कुणीतरी दाराशी जाऊनच बघायचं असतं.

बाई असण्याचा मला इथे उपयोग झाला. माझे पुरुष सहकारी ओसरीपर्यंत जायचे. मला घरातल्या बायका आत न्यायच्या, मागचं दार दाखवायच्या, नवा ओटा कसा झाला ते सांगायच्या. दोन चुली वेगळ्या झाल्या आहेत, हे स्वयंपाकघरात गेल्यावरच कळतं. त्यातून कधी आकारणी वाढली, कधी कमीही झाली. कोसळलेली मागची खोली नोंदीतून काढायला हवी, हे त्या बायकांना कुणी सांगितलेलंच नसायचं. वर्षानुवर्षं त्या पडक्या खोलीची पट्टी भरत असायच्या. नीट मोजणी म्हणजे नुसती वाढ, हा समज चुकीचा आहे. गरिबाच्या नोंदीतही चुका असतात आणि त्या त्याच्या विरोधात असतात, कारण दुरुस्त करून घ्यायला लागणारे हेलपाटे त्याला परवडत नाहीत.

एक गैरसमज मात्र जाता जाता सांगते, कारण आमचा अर्धा दिवस त्यात जायचा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नाही. कर आकारला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीरही होत नाही. तरी भावाभावांचे तंटे आमच्या टेबलावर येतात, "पावतीवर माझं नाव लावा" म्हणून. सर्वांत जास्त पैसे मागितले जातात ते या नाव लावण्यात, हे मी नाकारणार नाही.

लाच आहेच. आमच्या खात्यातली माणसं सापळ्यात सापडतात, बातमी येते, आणि त्या दिवशी दारात उभं राहायला लाज वाटते. 'निवासी' आणि 'बिगरनिवासी' या दोन शब्दांत हजारो रुपयांचा फरक असतो आणि तो शब्द लिहिणारा पेन जेमतेम पगारावरच्या एका नवख्या मुलाच्या हातात असतो. त्याच्यासमोर एकीकडे पाकीट असतं, दुसरीकडे नगरसेवकाचा फोन असतो. मलाही फोन आले. "आपला माणूस आहे, सांभाळून घ्या." आपण या प्रश्नावर नेहमी एकच उत्तर देतो, प्रामाणिक माणसं भरती करा. प्रामाणिक माणसं भरती होतात. मी त्यांना रडताना पाहिलं आहे. ज्याच्या पाठीशी काही नाही त्याच्या एकट्याच्या चारित्र्यावर आपण गावाची तिजोरी टेकवून ठेवतो, हे मला अन्यायाचं वाटतं, गावावरही आणि त्या मुलावरही.

त्याच्या पाठीशी उभी राहू शकेल अशी एकच गोष्ट मी पाहिली, ती म्हणजे उघडी यादी. नगरसेवकाचा फोन आला तर त्याला सांगता आलं पाहिजे, "साहेब, मी लिहीन, पण ही ओळ रविवारी आळीत लागणार आहे. लोक वाचतील." हे मला एकदाच म्हणता आलं, एका फेरआकारणीत. त्या वेळच्या मुख्याधिकाऱ्यांनी एका प्रभागात प्रयोग म्हणून प्रारूप यादी समाजमंदिराच्या भिंतीवर लावू दिली. घर क्रमांक, क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वापर, करयोग्य मूल्य. पहिल्या दिवशी भांडणं झाली, दोघे माझ्या अंगावर धावून आले. तिसऱ्या दिवसापासून लोक वेगळ्या कारणाने यायला लागले. एक जण येऊन हळूच म्हणाला की माझा वरचा मजला राहिलाय तुमच्याकडून, तो लावून घ्या. त्याच्या शेजाऱ्याने वाचलं होतं. असे बरेच आले. कुणी आपल्या पडलेल्या खोलीचं सांगायला आलं. कुणी येऊन म्हणालं की अमक्याचं गोदाम 'निवासी' कसं? मला जिथे जाता आलं नव्हतं तिथे आळी जाऊन आली होती. त्या आजीही आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला स्वतःची ओळ वाचायला लावली आणि मग समोरच्याची. तीन मजले, बिगरनिवासी, असं मी वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या. त्यानंतर वर्षभरात साहेबांची बदली झाली आणि पुढची यादी पुन्हा टेबलावर गेली.

खासगीपणाचा आक्षेप मी गंभीरपणे घेते. कुणाच्या घरात किती खोल्या, हे गावाला कशाला? पण आपण नावं आणि मोबाइल नंबर लावायला सांगत नाही. घर क्रमांक, क्षेत्र, वापर आणि आकारणी पुरे. यातलं घराचं क्षेत्र आणि वापर रस्त्यावरून चालणाऱ्या कुणालाही दिसतोच. लपलेली असते ती फक्त नोंद. सातबारा कुणाचाही पाहता येतो, त्यावर पीक कोणतं तेही असतं, आणि त्यात शेतकऱ्याचा खासगीपणा गेला असं कुणी म्हणत नाही. मग शहरातल्या शटरवाल्याच्या नोंदीला इतकं झाकण का?

मुंबईचं उदाहरण वेगळं आहे, तिथे 2010 पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी जागेच्या किमतीवर, कर आहे. पण तिथेही भांडण शेवटी नोंदीशीच येऊन थांबतं. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेचे काही नियम रद्द ठरवले ते याच मुद्द्यावर, की जागेचं मूल्य ती आज जशी आहे तसं धरा, उद्या तिथे काय उभं राहू शकेल याचा अंदाज धरून नको. त्याच वर्षी 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा कर माफ झाला. छोट्या घराला दिलासा मिळावा हे मला मान्य आहे. पण अशी रेघ ओढली की सगळा भार टेपवर येतो. 498 फूट की 503, यावर पूर्ण माफी की पूर्ण कर. ही रेघ इतर शहरांतही हवी म्हणून मागणी होते, तेव्हा मला त्या टेप धरणाऱ्या पोरापोरींची काळजी वाटते. माफी जाहीर करणारे जाहीर करून जातात. त्या पाच फुटांसाठी दारात उभी राहते ती माझ्यासारखी कुणीतरी.

2023 च्या नगरपरिषद राज्यसेवेच्या भरतीत कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची 579 पदं होती. एवढी मुलं-मुली परीक्षा देऊन या कामात येणार, हे ऐकून मला खरंच आनंद झाला होता. पदवीधर, हुशार, कुणी शेतकऱ्याचं, कुणी शिक्षकाचं पोर. पण परीक्षेत गणित आणि सामान्य ज्ञान असतं. मंजूर नकाशा वाचायचा कसा, चटई क्षेत्र आणि बांधीव क्षेत्र यांत फरक काय, दगडमातीची भिंत कशी ओळखायची, रागावलेल्या माणसाच्या दारात काय बोलायचं, हे त्यांना कोण शिकवणार? मला एका शिपाईमामांनी शिकवलं. निवृत्तीला आलेले, आठवी पास, आणि गावातली प्रत्येक भिंत कधी बांधली ते माहीत असलेले. टेपचं रीळ मालकाच्या हातात द्यायची युक्ती त्यांचीच. ते निवृत्त झाले आणि त्यांचं ज्ञान कुठल्याही नोंदवहीत उतरलं नाही. नव्या माणसाला रुजू झाल्यावर निदान तीन महिने नगररचना विभागात आणि एखाद्या अनुभवी माणसाबरोबर आळीत फिरायला द्यावेत. पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात तीस घरांची यादी देऊ नये. खुर्चीवर बसून नोंद उतरवायची सवय त्या यादीतूनच लागते.

आता आमच्या नगरपरिषदेची वेबसाइट झाली आहे. मालमत्ता क्रमांक टाकला की आपली थकबाकी दिसते आणि तिथेच पैसे भरता येतात. सोय चांगली आहे. पण त्या पडद्यावर फक्त आपली ओळ दिसते, शेजारची दिसत नाही, आणि आपल्या ओळीतही मागणीची रक्कम दिसते, ती ज्या क्षेत्रावर आणि ज्या वापरावर काढली ते दिसत नाही. वसुलीची बाजू उघडली आणि मोजणीची बाजू तशीच बंद राहिली.

तिथे येत्या वर्षात नवी चतुर्वार्षिक यादी लागायची आहे. मी मुख्याधिकाऱ्यांना गावची रहिवासी म्हणून अर्ज दिला आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत. प्रारूप यादी प्रत्येक प्रभागात एका सार्वजनिक भिंतीवर लावावी. हरकतीची मुदत संपायच्या आत निदान एक रविवार आणि एक संध्याकाळ यादीजवळ कर विभागाचा माणूस बसवावा, म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्यांना येता येईल. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांची ओळ, आणि त्यांनी मागितली तर समोरच्या घराचीही ओळ, वाचून दाखवावी.